कोल्हापुरात नवीन आहात? पावसाळ्याआधी ही कामं उरकून घ्या

नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्तानं दरवर्षी हजारो माणसं कोल्हापुरात राहायला येतात. घर बघताना भाडं, पार्किंग, पाण्याची वेळ असं सगळं विचारलं जातं. "इथं पुराचं पाणी येतं का?" हा प्रश्न मात्र बरेच जण जुलै उजाडल्यावर विचारतात. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून हा लेख खास नवीन माणसांसाठी. पुराच्या बाबतीत महापालिका काय करते, काय करू शकत नाही आणि तिच्याकडून काम करून घ्यायचं तर तुम्ही कधी, कुठं जायचं, हे क्रमानं सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. महापालिका पूर थांबवत नाही. पंचगंगा अडवणारी भिंत शहराभोवती नाही आणि धरणाचे दरवाजे पालिकेच्या हातात नाहीत. पालिकेचं काम आहे नाले मोकळे ठेवणं, पूररेषेतल्या बांधकामावर नियंत्रण ठेवणं, पाणी चढताना लोकांना वेळेत हलवणं, त्यांची सोय करणं आणि पाणी ओसरल्यावर शहर पुन्हा उभं करणं. ही कामं नीट झाली तर जीव वाचतात. ती नीट होण्यात तुमचाही वाटा असतो.

पहिलं काम : तुम्ही कुणाच्या हद्दीत राहता ते बघा

उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, शिरोली ही गावं शहराला इतकी चिकटून आहेत की नवीन माणसाला तो कोल्हापुरातच राहतो असं वाटतं. पत्ता तसाच लिहिला जातो, रिक्षावालाही तसंच म्हणतो. पण ही गावं ग्रामपंचायतीची आहेत. तिथं गटार तुंबलं, झाड पडलं, माणसं हलवायची वेळ आली तर जबाबदारी ग्रामपंचायत आणि करवीर किंवा हातकणंगले तहसीलदारांची असते. पालिकेला फोन करून "ते आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकण्यात ऐन पुरात वेळ घालवू नका.

ओळखायची सोपी खूण म्हणजे घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची पावती. घरमालकाकडून तिचा फोटो मागून घ्या. पावती महापालिकेची असेल तर वॉर्डही त्यावरच कळतो. पालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत : गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमचं कार्यालय कोणतं ते शोधा आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन या. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याचा आणि आरोग्य निरीक्षकाचा नंबर घेऊन ठेवा. ही दोन माणसं पावसाळ्यात तुमच्या सगळ्यात जास्त कामाची.

दुसरं काम : पाणी कुठून येतं ते समजून घ्या

भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्या मिळून पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त आहे असं मानतात. प्रयाग चिखलीचा संगम शहरापासून अगदी जवळ आहे. पाऊस पडतो तो मुख्यतः पश्चिमेला, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या पट्ट्यात. त्यामुळे शहरात ऊन पडलेलं असताना नदीचं पाणी फूटभर वाढलेलं असतं. नवीन माणूस इथंच फसतो. पाऊस उघडला म्हणजे धोका टळला, असं पंचगंगेच्या बाबतीत कधीही समजू नका.

पुढची अडचण खालच्या अंगाला. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. कृष्णाच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं मागं येतो आणि पूर दिवसेंदिवस उतरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी आठवडाभराहून जास्त काळ धोका पातळीच्या वर राहिली. २०२१ च्या जुलैत उलट अनुभव आला. २२ आणि २३ जुलैला पाणी इतक्या वेगानं चढलं की सामान वर नेण्याआधीच अनेक घरांत पाणी शिरलं. सावकाश येणारा आणि रेंगाळणारा पूर, किंवा झपाट्यानं येणारा पूर, दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

धरणांचं म्हणाल तर शहराच्या दृष्टीनं महत्त्वाचं राधानगरी. शाहू महाराजांनी पाया घातलेलं, भोगावतीवरचं हे धरण ८.३६ टीएमसीचं, म्हणजे ८.३६ अब्ज घनफूट पाण्याचं आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडतं. "राधानगरीचे पाच दरवाजे उघडले" अशी बातमी आली की लगेच हिशोब करा : ७१४० क्युसेक, शिवाय वीजगृहातून सुटणारं वेगळं. हे पाणी शहरापर्यंत यायला काही तास लागतात. तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो.

दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाच्या बातमीनं मात्र घाबरू नका. ते पाणी दूधगंगेतून वेगळ्या वाटेनं कृष्णेला जातं, शहराजवळच्या पंचगंगेत येत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम : तुमच्या घराचा फूट माहीत करून घ्या

कसबा बावड्याजवळ नदीवर राजाराम बंधारा आहे. कोल्हापूरचा पूर तिथल्या पट्टीवर, फूट आणि इंचात मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि पालिका हे आकडे दिवसातून अनेकदा जाहीर करतात. सोबत किती बंधारे पाण्याखाली गेले आणि कोणत्या धरणातून किती विसर्ग सुरू आहे, तेही येतं. सुरुवातीच्या पावसात "राजाराम बंधारा पाण्याखाली" ही बातमी दरवर्षी येते, ती नेहमीची. खरं लक्ष द्यायचं ते ३५ च्या पुढं.

पण ३९ आणि ४३ हे आकडे सगळ्या शहरासाठी आहेत. तुमच्या दारात पाणी कितीला येतं हे त्यातून कळत नाही. सुतारवाड्याचा आकडा वेगळा, शाहूपुरी कुंभार गल्लीचा वेगळा, व्हीनस कॉर्नरचा वेगळा, नागाळा पार्कातल्या एकाच रस्त्याच्या दोन टोकांचा वेगळा. २०१९ आणि २०२१ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२४ ला ४७ च्या पुढं. या तिन्ही वेळी तुमच्या इमारतीत पाणी होतं का, असेल तर कुठवर आणि ते यायला लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं, हे विचारा.

कुणाला विचारायचं? घरमालकाला विचाराच, पण त्याच्यावर थांबू नका. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, शेजारच्या तालमीतली पोरं यांना विचारा. ज्याचं दुकान बुडालं त्याला आकडा इंचासकट पाठ असतो. भिंतीवर पाण्याची खूण राहिलेली असते, तीही दाखवतील. समजा उत्तर मिळालं, "४५ ला गल्लीच्या तोंडाला, ४७ ला पायरीवर". हे दोन आकडे फ्रीजवर चिकटवा. आता पालिकेनं सांगायची वाट बघायला नको. पातळी तुमच्या पहिल्या, म्हणजे गल्लीच्या आकड्याच्या तीन फूट खाली असताना गाडी उंचावर लावायची, दोन फूट खाली असताना सामान वर न्यायचं आणि एक फूट राहिला की घर सोडायचं. पाणी वेगानं चढत असेल तर यातली प्रत्येक पायरी आणखी अलीकडं घ्या.

जुन्या कोल्हापूरकरांची स्वतःची मापं आहेत. शिवाजी पुलाकडं बघून ते "मच्छिंद्री झाली" म्हणतात, तेव्हा पूर मोठा आहे असं समजा.

चौथं काम : नाला बघून या

शहरात पाणी नदीकाठावरून चालत येईल, अशी नवीन माणसाची कल्पना असते. प्रत्यक्षात ते बऱ्याच ठिकाणी नाल्यातून उलटं येतं. जयंती नाला शहराच्या मधून वाहत पंचगंगेला मिळतो. नदी चढली की नाल्याचं पाणी आत जायला जागा राहत नाही, मग नदीच नाल्यात शिरते आणि तिथून वस्तीत पसरते. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा दरवर्षी पहिल्यांदा हलवावा लागतो त्याचं कारण हेच. दुधाळी नाल्याच्या बाजूलाही हाच प्रकार.

पहिली चाहूल कशी लागते ते सांगतो. रस्ता कोरडा असतो, पाऊस उघडलेला असतो, आणि चेंबरच्या झाकणाच्या भोकातून काळपट पाणी बुडबुडे काढत वर येतं. तळमजल्यावर राहत असाल तर न्हाणीघराच्या जाळीतून किंवा संडासातून गुडगुड आवाज येतो. दारात वाळूची पोती रचून काही उपयोग होत नाही, कारण पाणी दारातून आलेलंच नसतं. असं दिसलं की संडासाच्या भांड्यात आणि जाळीवर प्लास्टिकमध्ये भरलेली ओली माती किंवा वाळू दाबून बसवा, आणि निघायची तयारी करा. यानं तासाभराची सवड मिळते, जास्तीची अपेक्षा नको.

नालेसफाई हे पालिकेचं काम आणि ते एप्रिल-मे महिन्यांत होतं. मे महिन्यात एखाद्या रविवारी तुमच्या भागातला नाला चालत जाऊन बघा. पुलाच्या मोऱ्यांत अडकलेल्या फांद्या, गाद्या, थर्माकोल दिसतं का? काढलेला गाळ काठावरच टाकून ठेवलाय का? तसा असेल तर पहिल्या जोरदार पावसात तो परत नाल्यात जाणार. फोटो काढा, जागा लिहा, विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला काही किंमत नाही. पाच-सहा घरांच्या सह्या असतील तर काम लवकर हलतं, नगरसेवकालाही एक प्रत द्या. मला विचाराल तर पुराच्या बाबतीत सामान्य माणसानं पालिकेकडून करून घ्यायचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

पाचवं काम : घर विकत घेणार असाल तर पूररेषा

भाडेकरूंनी हा भाग सोडला तरी चालेल. विकत घेणाऱ्यांनी अजिबात सोडू नका.

नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्या मधे नियंत्रित क्षेत्र. रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि बांधकाम परवानगी देताना ती पाळायची जबाबदारी पालिकेच्या नगररचना विभागाची.

तुमच्या जागेचा रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) किंवा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) घ्या, तो सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर असतो. नगररचना विभागात झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. नकाशावर जागा कोणत्या रेषेत पडते ते स्वतः डोळ्यांनी बघा, अभियंत्याला विचारा. "सगळ्या परवानग्या आहेत" एवढ्यावर समाधान मानू नका. नियंत्रित क्षेत्रात अटींवर परवानगी मिळू शकते, म्हणजे कागद कायदेशीर आणि पार्किंगमध्ये मात्र पाणी, असं होऊ शकतं. आणि २०१९, २०२१ ला या जागी काय झालं ते शेजारच्या जुन्या घरात विचाराच. शंभर वर्षांच्या हिशोबाचे पूर दोन वर्षांच्या अंतरानं येऊ शकतात, हे कोल्हापूरनं बघितलं आहे.

पाणी चढायला लागल्यावर कोण काय करतं

धरणातला विसर्ग आणि नदीची पातळी जलसंपदा विभाग बघतो. जिल्ह्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे ते अध्यक्ष. एनडीआरएफची तुकडी बोलावणं, शाळांना सुट्टी देणं, महामार्ग बंद करणं हे तिकडून होतं. शहरात माणसं हलवणं, निवारा केंद्रं उघडणं, बोटी आणि अग्निशमन दल पाठवणं, टँकर लावणं हे पालिकेकडं. वीज महावितरणची. पाणी रोहित्राजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) आलं की त्या भागाचा पुरवठा मुद्दाम बंद करतात, तो जीव वाचवण्यासाठी असतो. त्यासाठी वायरमनशी भांडू नका.

नंबर पाठ करा : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, कोणत्याही आणीबाणीला ११२, विजेसाठी १९१२. पालिकेचा नियंत्रण कक्ष पावसाळ्यात चोवीस तास सुरू असतो. त्याचा आणि तुमच्या विभागाचा नंबर दरवर्षी जूनमध्ये जाहीर होतो, तो नव्यानं घ्या, जुन्यावर विसंबू नका. फोन केल्यावर घाईत "लवकर या" एवढंच सांगू नका. जवळची ठळक खूण, मजला, किती माणसं, त्यात म्हातारी, आजारी, गरोदर कोण, पाणी किती, हे एका दमात सांगा. बोट तिथं पाठवायची की ट्रॅक्टर, हे त्यावरून ठरतं.

पालिकेची माणसं "हला" म्हणायला आली की हला. इशारा पातळीच्या आसपास चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या लोकांना स्थलांतराच्या सूचना जातात, शहरात सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात जातात. त्यांना सवय आहे, ती माणसं वेळेत निघतात. अडकतात ती पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची, "आपल्यापर्यंत येत नाही" म्हणणारी. त्यांच्या घरात पाणी येत नाही हे खरं, पण खाली आठ फूट पाणी, वीज नाही, मोबाइल बंद, प्यायला पाणी नाही, औषधं संपलेली, अशा अवस्थेत चार दिवस काढावे लागतात. मग त्यांच्यासाठी बोट अडकते आणि जिथं खरी गरज आहे तिथं ती उशिरा पोचते. घरात लहान मूल, डायलिसिसवरचा माणूस किंवा म्हातारं माणूस असेल तर रस्ता कोरडा असतानाच नातेवाइकांकडं जा.

बोटीत बसायची वेळ आलीच तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका आणि भरलेल्या बोटीत आणखी चढू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गर्दीनं भरलेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. पुढची बोट येते. तालमींची, तरुण मंडळांची पोरं, व्हाइट आर्मीचे स्वयंसेवक मदतीला असतात. ते जे सांगतील ते ऐका.

पिण्याचं पाणी

चारी बाजूंनी पाणी आणि नळ कोरडा, हे २०१९ मध्ये शहरानं अनुभवलं. शहराला पाणी देणारी शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी ही उपसा केंद्रं नदीकाठी असल्यानं पुरात बंद पडतात. २०२३ च्या अखेरीस काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनचं पाणी आलं, त्यामुळे परिस्थिती सुधारली. तरी वीज गेली की तीही थांबू शकते. पातळी ३९ ला पोचली की माणशी निदान पाच दिवसांचं पिण्याचं पाणी भरून ठेवा. टँकर येतो, पण गल्लीत पाणी असेल तर तो चौकापर्यंतच येतो.

याच वेळी गाडीत पेट्रोल आणि घरात रोख पैसे ठेवा. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा काही दिवस बंद होता. गगनबावडा रस्ता मांडुकलीला आणि बावडा-शिये रस्ता त्याही आधी बंद होतो. पेट्रोल पंपांवर अत्यावश्यक सेवांना प्राधान्य मिळतं, एटीएम रिकामी होतात.

पाणी ओसरल्यावर

घरात शिरायची घाई करू नका. आधी महावितरणच्या माणसाकडून मीटर आणि वायरिंग तपासून घ्या. मेन स्विच ओल्या हातानं चढवणं जिवावर बेततं. गाळ ओला असतानाच काढा, वाळला की सिमेंटसारखा बसतो. गाळ आणि खराब गाद्या रस्त्याकडेला एका जागी टाका म्हणजे पालिकेचा जेसीबी आणि डंपर उचलू शकतो. गटारात लोटलात तर तोच गाळ पुढच्या पावसात परत तुमच्याकडं येणार. पायात बूट घाला, जखम असेल तर गाळात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ताप आला तर पालिकेच्या दवाखान्यात पुराच्या पाण्यातून फिरल्याचं आवर्जून सांगा. पाणी उकळूनच प्या.

पंचनामा

साफसफाईला हात लावण्याआधी फोटो काढा : भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, फ्रीज, वॉशिंग मशीन, दुकान असेल तर माल. फोटोत घराचा नंबर किंवा ओळखू येणारी खूण यायला हवी. पंचनामा महसूल आणि पालिकेचे कर्मचारी मिळून करतात. ते येतील तेव्हा घरी कुणीतरी थांबा. घराला कुलूप दिसलं की नोंद राहते आणि नंतर हेलपाटे घालावे लागतात.

भाडेकरूंनी नोंदणी केलेला भाडेकरार, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि शिधापत्रिका असेल तर ती, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत आधीच वेगळं ठेवावं. तिथं राहणारं कुटुंब तुमचं आहे हे दाखवायला करार हाच मुख्य आधार. करार नसेल तर सानुग्रह अनुदान कुणी घ्यायचं यावरून मालकाशी वाद होतात. अनुदानाची रक्कम दरवेळी शासन निर्णयानं ठरते. २०१९ ला शहरी कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण कुटुंबाला १० हजार रुपये दिले गेले. एवढ्यात घर उभं राहत नाही, म्हणून गाडी, दुकान आणि घरसामानाचा विमा वेगळा काढा आणि त्यात पूर समाविष्ट आहे ना, ते एजंटाकडून लेखी घ्या.

यादीत नाव आलं नाही तर विभागीय कार्यालय आणि तहसील कार्यालय दोन्हीकडं लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. याद्या लागल्यावर हरकतीसाठी थोडेच दिवस मिळतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच चौकशी करा. आणि त्याच अर्जाबरोबर तुमच्या गल्लीतली मोरी, चेंबर किंवा नाल्याची भिंत कुठं कमी पडली तेही लिहून द्या. पालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतं. त्याआधी, दिवाळीनंतर, त्या अर्जाचं काय झालं ते विचारायला एकदा परत जा.